सांबराच्या मागे, मास्क लावून

लॉकडाऊनमध्ये मेलबर्नच्या लोकांनी काय काय केलं ते आता सगळ्यांना पाठ आहे. कोणी पाव भाजले, कोणी झूमवर योगासनं केली, कोणी हजार तुकड्यांचं कोडं निम्मं लावून पुन्हा डब्यात भरलं. मी एक्स-रे काढणारा माणूस. स्वभावाने शांत, घरात झुरळ दिसलं तर बायकोला हाक मारणारा. मी शिकार शिकलो. त्याला कारणीभूत झालं एक मोडलेलं कॉलरबोन, आणि तेही माझं नव्हतं.

तोपर्यंत माझी बारा वर्षं मेलबर्नच्या क्लेटन या उपनगरात गेली होती. युनी, म्हणजे युनिव्हर्सिटी, तिथेच, पहिलं भाड्याचं घर तिथेच, लग्नानंतरचं दुसरं घरही तिथेच, दोन गल्ल्या सोडून. इतका प्रवास झाल्यावर मला बदल हवासा वाटला आणि डोंगरांच्या पायथ्याच्या एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलात मी नोकरी घेतली. मेलबर्नपासून गाडीने साडेतीन तास. बायको युनीत शिकवते, ती क्लेटनलाच राहणार होती. सोमवार ते शुक्रवार मी तिकडे, शनिवार-रविवार घरी, असं वेळापत्रक करून आम्ही ते फ्रिजवर लावलं. ते आम्ही तीन आठवडे पाळलं. मग व्हायरस आला.

कायद्याने मला घरी जायला बंदी नव्हती. हॉस्पिटलच्या मॅनेजरबाई फारच गोड आवाजात म्हणाल्या, "तू जरूर जा, नो वरीज. फक्त मेलबर्नहून परत आल्यावर चौदा दिवस घरात बसायचं, आणि तुझ्याशिवाय इथे एकच रेडिओग्राफर आहे, आणि तिला आठवा महिना आहे. बाकी तुझी मर्जी." माझी मर्जी मी पेट्रोल पंपामागच्या दोन खोल्यांच्या युनिटमध्ये बसून पाळली.

एक्स-रेच्या खोलीत प्रत्येक पेशंटनंतर टेबल पुसायला एक बाई यायच्या. सदुसष्ट-अडुसष्टच्या, उंच, काटक, आणि पायांचा अजिबात आवाज नसलेल्या. मी कॉम्प्युटरकडे बघत असायचो आणि मागे वळलो की त्या स्प्रेची बाटली घेऊन उभ्या. पहिल्या आठवड्यात मी दोनदा दचकून कॉफी सांडली. ती त्यांनीच पुसली. मनात मी त्यांना काकू म्हणायचो. तोंडावर नावानेच हाक मारावी लागते, पण आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारताना माझी जीभ बारा वर्षांनंतरही अडखळते.

मार्चमध्ये एके दिवशी काकूंचे यजमान आले. आयुष्यभर लाकडाचे ट्रक चालवून निवृत्त झालेले, चौऱ्याहत्तरचे, लाल चेहऱ्याचे. डावा हात त्यांनी स्वतःच्याच पट्ट्याने छातीशी बांधून आणला होता.

"कसं लागलं?" मी विचारलं.

"ओढ्यात पडलो."

"ओढ्यात नाही," मागून काकू म्हणाल्या. मी सवयीने दचकलो. "काठावरून. आठ फूट खाली."

"शेवटी ओढ्यातच पडलो ना?"

मी त्यांना फिल्म दाखवली. कॉलरबोनचे दोन तुकडे एकमेकांवर चढले होते. काकांनी बराच वेळ न्याहाळून "छान मोडलंय" असा अभिप्राय दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू पाठीवर किती उचलू शकतोस?"

मला वाटलं, वेदनेने माणूस भरकटलाय. पण काकूही मला वरपासून खालपर्यंत बघायला लागल्या, जुना फ्रिज विकत घेताना बघतात तशा.

"पंचवीस किलो," त्या म्हणाल्या.

"वीस," काका म्हणाले.

अशा रीतीने माझी निवड झाली. दोघं पन्नास वर्षं डोंगरात हरणं मारत होते, वर्षभराचं मांस घरचंच, आणि आता काकांच्या खांद्यावर ओझं चालणार नव्हतं. सुपरमार्केटमध्ये माणशी दोनच पाकिटं खिमा मिळण्याचे दिवस होते ते. "उचलायला ये. हळूहळू शिकवू," काका म्हणाले. हमालीला पुढे काही भवितव्य आहे असं मला प्रथमच कोणी सांगत होतं.

त्या डोंगरातलं मोठं हरीण म्हणजे सांबर. आपलंच. मेळघाटातलं. दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी हिंदुस्थान आणि लंकेतून आणून इथे सोडलं. त्याला ना इंग्रजीची परीक्षा द्यावी लागली, ना व्हिसाचे पॉइंट्स मोजावे लागले, ना पार्टनरचा पुरावा म्हणून लग्नाचे फोटो जोडावे लागले. आता ते इतकं वाढलंय की शेतकऱ्यांची कुंपणं आणि जंगलातली कोवळी झाडं दोन्ही संपवतं. मी अमरावतीचा. लहानपणी चिखलदऱ्याच्या रस्त्यावर जीपमधून एकदा सांबर पाहिलं होतं आणि आईच्या कुशीत तोंड लपवलं होतं. फोनवर तिला म्हटलं, सांबरासाठी जंगलात जातोय. आमच्या वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. "सांबारासाठी जंगलात कायले जातं रे?" ती म्हणाली. "तिथं दुकानात भेटत नाही का?" मी तिची समजूत दुरुस्त केली नाही. तेव्हा तिच्या डोक्याला काळज्या पुष्कळ होत्या.

मेच्या शेवटी निर्बंध जरा सैल झाले आणि पहिला धडा झाला. पहाटे उठून मी आंघोळ केली, डिओ मारला, नवीन घेतलेलं केशरी जॅकेट घातलं आणि माझी छोटी गाडी घेऊन त्यांच्या पिकअपमागून डोंगरात गेलो. एका गाडीत बसायची तेव्हा पंचाईत होती. काकूंनी लांबूनच माझ्याभोवती एक चक्कर मारली.

"हा वास कसला?"

"सँडलवुड," मी जरा अभिमानाने म्हणालो.

"छान आहे. लग्नाला लाव."

पहिले दोन महिने मला बंदूक दिसलीसुद्धा नाही. काका वाऱ्यावर बोलले. टाल्कम पावडरची छोटी बाटली दाबायची, पावडर कुठे उडते ते बघायचं आणि ती ज्या दिशेला जाईल त्या दिशेच्या सगळ्या हरणांना आपला निरोप पोचला असं समजायचं. हे समजवायला त्यांना चाळीस मिनिटं लागली आणि तेवढ्या वेळात वारा तीनदा फिरला. मग ते खुरांच्या ठशांवर बोलले, लेंड्यांवर बोलले, नराने शिंगं घासून सोललेल्या झाडाच्या सालीवर बोलले. काकू चार वाक्यं बोलल्या. त्यातलं एक असं: "हरीण शोधू नकोस, ते कधी अख्खं दिसत नाही. कान शोध. झाडं सगळी उभी असतात, त्यात पाठीची एखादी आडवी रेघ शोध." मी आडव्या रेघा शोधल्या. त्या दिवशी मला पडलेली नऊ झाडं सापडली.

दोघांचं एकमेकांशी कशावरही जमत नव्हतं. काका म्हणायचे चालत राहा, काकू म्हणायच्या थांब. काका म्हणायचे ओढ्याच्या बाजूने, काकू म्हणायच्या डोंगराच्या धारेने. मी मध्ये उभा राहून दोघांना हो म्हणायचो. ही कला मी लग्नानंतर शिकलो होतो, ती जंगलातही उपयोगी पडली. एका बाबतीत मात्र त्यांचं एकमत होतं: मी चालतो तेव्हा बैलगाडी चालल्यासारखं वाटतं. मग काकूंनी हॉस्पिटलातच शिकवणी सुरू केली. दुपारच्या शांत वेळी एक्स-रेपासून वॉर्डच्या दारापर्यंत बुटांचा आवाज न करता जायचं. आधी टाच, मग बाहेरची कड, मग चवडा, आणि वजन सगळ्यात शेवटी. वॉर्डमधल्या एका आजीबाईंनी नर्सला विचारलं म्हणे, की हा डॉक्टर असा का चालतो, त्याला काय झालंय.

जूनमध्ये बंदुकीच्या परवान्यासाठी सुरक्षेचा वर्ग केला, परीक्षा दिली, पोलिसांचे फॉर्म भरले. सगळी उत्तरं बरोबर आली. हे आईला सांगता येईना, म्हणून बायकोला सांगितलं.

"शिकार," ती म्हणाली. व्हिडिओवर तिचा चेहरा इतका स्थिर होता की मला वाटलं नेट गेलं. "म्हणजे तू. बंदूक घेऊन."

"हो."

"परवाच तू मला कोळी न मारता ग्लास आणि कागदाने बाहेर कसा सोडावा ते दहा मिनिटं समजावून सांगितलंस."

"कोळी आपण खात नाही."

"तिकडे मटण मिळत नाही?"

"मिळतं."

"मग?"

खरं उत्तर असं होतं की शुक्रवारी संध्याकाळी हॉस्पिटलातून निघालं की सोमवारी सकाळपर्यंत माझ्याशी कोणी बोलायचं नाही, आणि रविवारी ही दोन म्हातारी माणसं मला दिवसभर नावं ठेवायची. आठवड्यातला तो सगळ्यात चांगला दिवस असायचा. हे तिला क्लेटनमध्ये एकटीला बसवून कसं सांगणार? तिच्या भागात तर पाच किलोमीटरपलीकडे जायचीही बंदी येऊ घातली होती. "व्यायाम होतो," मी म्हणालो.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मला जिवंत नवरा हवाय, एवढं त्यांना सांग."

मी सांगितलं. काका म्हणाले, "वाजवी अपेक्षा आहे."

ऑगस्टमध्ये आमच्याही गावाला टाळं लागलं. डोंगर बंद, एकमेकांकडे जाणं बंद. एका शनिवारी दाराची बेल वाजली. बाहेर कोणी नव्हतं, पायरीवर एक एस्की, म्हणजे बर्फाची पेटी, होती आणि तिच्यात बर्फावर ठेवलेली हरणाची अख्खी मागची तंगडी. सोबत एक सुरी. तेवढ्यात काकूंचा फोन.

"मांस हाडावरून सोडव. मी सांगते तसं."

मी फोन स्पीकरवर ठेवला आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर तीन तास झगडलो. "जोर लावू नकोस," काकू सांगत होत्या. "स्नायूंच्या मध्ये पांढरी फट दिसेल, तिथून सुरी आपोआप जाते." फट दिसली आणि मला एकदम उमगलं. हे सगळं मी रोज बघतो, फक्त काळ्या-पांढऱ्यात. मी म्हणालो, हा फिमर, हा पटेला, इथे सांधा सुटायला हवा. सांधा सुटला. फोनवर काकूंच्या मागून काकांचा आवाज आला, "तो लॅटिन बोलतोय का?" पाच महिन्यांत त्यांना माझं कौतुक वाटल्याचं मला ऐकू आलेलं हे पहिलं वाक्य.

सप्टेंबरच्या मध्याला गाव उघडलं. मेलबर्न तसंच कुलुपात राहिलं. बायको तिच्या पाच किलोमीटरच्या वर्तुळात फिरत होती आणि मी हातात रायफल घेऊन डोंगरात. रायफल काकांची, नजर काकूंची. काकांचं हाड जुळलं होतं, पण त्यांना काकू रायफल देत नव्हत्या. खांदा अजून कच्चा आहे, असं त्या सांगायच्या.

पहिल्या सहा फेऱ्यांत मी एकही गोळी झाडली नाही. उघड्यावरही मास्क लावायचा नियम होता. मास्क लावला की चष्म्यावर वाफ, चष्मा पुसला की रायफलवरच्या दुर्बिणीवर वाफ. त्या पांढऱ्या ढगापलीकडे कुठेतरी सांबर असायचं. ते आधी मला बघायचं आणि मग जुन्या एसटीच्या हॉर्नसारखा एकच भोंगा वाजवून निघून जायचं. अख्ख्या खोऱ्याला कळायचं की अमरावतीचा माणूस आला. दर वेळी परत आल्यावर काका कारण सांगायचे. एकदा मी खोकलो होतो, एकदा उन्हात आलो होतो, एकदा मी नुसताच होतो.

ऑक्टोबरमधली गोष्ट. एका शेतकऱ्याच्या कुरणाला लागून जंगलाने झाकलेली डोंगराची धार होती. सांबरं रात्री त्याचं गवत खाऊन सकाळी वर चढायची, म्हणून त्यानेच आम्हाला बोलावलं होतं. काकूंनी काकांना कुरणाच्या फाटकाशी एका आडव्या ओंडक्यावर बसवलं. डोक्यावर केशरी टोपी घातली, थर्मास दिला आणि सांगितलं, "आम्ही येईपर्यंत इथेच बस." ते म्हणाले, "हो, हो." मग आम्ही दोघं नेच्यांच्या घळीतून वर निघालो. मी टाच, कड, चवडा करत. अर्धा तास गेला. वारा तोंडावर येत होता. काकूंनी हात वर केला आणि मी थांबलो.

वर धारेवर नर उभा होता. पहिल्यांदाच अख्खा. आभाळावर काळा कापून ठेवल्यासारखा, शिंगांसकट, आडवा, आणि तसूभर न हलणारा. काकूंनी डोळ्यांनीच विचारलं. मी झाडाच्या बुंध्याला रायफल टेकवली. दुर्बिणीत तो इतका मोठा दिसत होता की त्याच्या मानेवरचे ओले केस मोजता आले असते. आणि मला काकांचा एक कंटाळवाणा रविवार आठवला. त्यात ते दिवसभर एकच गोष्ट सांगत होते: आभाळावर गोळी मारायची नाही, जनावराच्या मागे माती दिसली पाहिजे, आभाळाच्या मागे काय आहे ते तुला माहीत नसतं.

त्याने तीन पावलं खाली टाकावीत म्हणून मी वाट बघितली. तो उभाच राहिला. माझं बोट ट्रिगरच्या बाहेर होतं. ते तिथेच आखडलं. मी मनात साठपर्यंत मोजलं आणि रायफल खाली घेतली. मला वाटलं, झालं, पाच महिन्यांची शिकवणी पाण्यात गेली.

मग त्या नराने मान मागे वळवली, भोंगा दिला आणि उडी मारून गेला. तो उभा होता बरोबर त्याच जागी, धारेच्या पलीकडून, एक टक्कल वर आलं. मग खाकी स्वेटर. काका धापा टाकत वर चढत होते. डोक्यावर टोपी नव्हती.

"इकडे काही दिसलं का?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

काकूंनी माझ्या हातातून रायफल घेतली, रिकामी केली, गोळ्या खिशात टाकल्या आणि तिथेच चिखलात बसल्या. मी बुंध्याला धरून उभा होतो आणि माझ्या कानात काहीतरी एकसारखं वाजत होतं.

काका खाली आले. "मला एकटा सोडून गेलात तुम्ही," ते तक्रारीच्या सुरात म्हणाले.

"तुला ओंडक्यावर बसायला सांगितलं होतं."

"कधी?"

मला आधी वाटलं ते वाद घालतायत. नेहमीसारखे. पण ते काकूंच्या तोंडाकडे बघत होते आणि खरोखरच विचारत होते.

काकू उठल्या. काकांच्या स्वेटरला लागलेली पानं झाडली. "जाऊ दे," त्या म्हणाल्या. "चहा पिऊ."

फाटकाशी काका पिकअपमध्ये बसले आणि काकू माझ्या गाडीपर्यंत आल्या. मास्क खाली करून म्हणाल्या, "मार्चमध्ये तो घसरला नव्हता. त्या काठावरून तो पन्नास वर्षं जातोय. त्या दिवशी काठ कुठे संपतो तेच तो विसरला."

मी काहीतरी म्हणालो. डॉक्टरांचं, तपासण्यांचं. हॉस्पिटलवाले लोक म्हणतात तसलं.

"ते चालू आहे," त्या म्हणाल्या. "आणि एक. मांस मी एकटी वाहू शकते. चार फेऱ्या जास्त मारल्या की झालं. आम्हाला हमाल नको होता."

"मग?"

"त्याला सांगायला कोणीतरी हवं होतं. मला सगळं येतं. मला सांगून त्याला काय मजा?"

माझ्या अंगचे गुण हेरून त्यांनी मला निवडलं, असा माझा सात महिने समज होता. तो गेला. खरं तर मला त्यांनी निवडलं ते मला काहीच येत नव्हतं म्हणून. ही पात्रता माझ्याकडे भरपूर होती. घरी आलो, बूट न काढता पलंगावर बसलो आणि दुर्बिणीतला तो नर आणि त्याच्या मागचं टक्कल संध्याकाळपर्यंत डोळ्यांसमोरून हललं नाही. बायकोचा फोन आला तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सोडून देणार आहेस का?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. "त्यांना एकटं बसवू नका पण."

त्यानंतर काका शेतकऱ्याच्या घराच्या व्हरांड्यात बसू लागले. शेतकऱ्याची बायको आणि दोन म्हातारे कुत्रे त्यांचं सगळं ऐकून घ्यायचे. निघताना ते मला सगळ्या सूचना द्यायचे, सलग दोनदा, आणि मी दोन्ही वेळा नव्याने ऐकायचो. खोटं कशाला सांगू, दुसऱ्या वेळी दर वेळी काहीतरी नवीन कळायचं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी, त्याच घळीच्या पलीकडच्या उतारावर, मला उभ्या झाडांत एक आडवी रेघ दिसली. मी पडलेलं झाड समजून पुढे सरकणार, तेवढ्यात त्या झाडाने कान हलवला. तरुण नर होता. मागे पूर्ण उतार, माती, नेचे. काकूंनी मान डोलावली. मी मास्क हनुवटीखाली ओढला, श्वास सोडला आणि गोळी झाडली.

तो तीसेक पावलं पळाला आणि पडला. काकूंनी मला दहा मिनिटं हलू दिलं नाही. मग आम्ही गेलो. त्याचा डोळा उघडा होता आणि त्यात झाडं दिसत होती. काकूंनी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "ठेव." मी ठेवला. ऊब होती. मला वाटलं होतं की एक तर मला रडू येईल, नाहीतर मर्दुमकी वाटेल. दोन्हींची मी तयारी करून गेलो होतो. प्रत्यक्षात थोड्या वेळाने सणसणून भूक लागली. भुकेची मला लाज वाटली. काकूंनी खिशातून व्हेजीमाइट, म्हणजे इथला तो काळा खारट लेप, लावलेलं सँडविच काढलं आणि अर्धं दिलं. त्या वस्तूला मी बारा वर्षं नावं ठेवली होती. त्या दिवशी बोटं चाटली.

मांस सोडवायला दुपार झाली. फेऱ्या तीन झाल्या. तिसऱ्या फेरीला माझ्या पाठीवर किती किलो होतं ते मोजायला कोणी नव्हतं, पण माझ्या मणक्यांचा एक्स-रे काढला असता तर आकडा त्यात दिसला असता.

व्हरांड्यात काका उठून उभे राहिले. वारा कुठून होता, किती पावलांवर होता, मागे काय होतं, सगळं त्यांनी विचारलं. मी सांगत गेलो. मागे माती होती म्हटल्यावर त्यांनी शेतकऱ्याच्या बायकोकडे वळून पाहिलं, जणू ती माती त्यांनीच तिथे नेऊन ठेवली होती. पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलात रक्त तपासायला आले तेव्हा रांगेत दीड-दीड मीटरवर उभ्या असलेल्या सगळ्यांना ते ही गोष्ट सांगत होते. त्यांच्या गोष्टीत ते माझ्या शेजारीच उभे होते आणि मला कानात सूचना देत होते. मी मशीन गरम होतंय असं सांगून आत गेलो.

त्याच सुमारास मेलबर्नभोवतीचं कुंपण उठलं. मी एस्की गाडीत टाकली आणि साडेतीन तासांनी क्लेटनच्या दारात उभा राहिलो. बायकोने आधी माझ्याकडे पाहिलं, मग एस्कीकडे, मग माझ्या दाढीकडे. आम्ही बराच वेळ नुसते दारातच होतो. मांस वितळून खाली पाणी गळायला लागलं तेव्हा आत गेलो.

तिने सावजी मसाला काढला, जो आईने दोन वर्षांपूर्वी पाठवला होता आणि अजूनही शेजाऱ्यांना शिंका आणत होता. कुकरच्या सात शिट्ट्या केल्या. उघडून बघितलं तर रस्सा अप्रतिम आणि मांस चपलेच्या तळव्यासारखं. अजून पाच केल्या. तळवा तसाच.

"तुझ्या गुरूंना विचार," ती म्हणाली.

मी फोन लावला. काकांनी उचलला. मी नाव सांगितलं. "कोण?" त्यांनी विचारलं.

"एक्स-रेवाला," मी म्हणालो.

"हां, हां. बोल, मेट."

मी सांगितलं की सांबराचं मांस आहे, तरुण नराचं, कुकरमध्ये शिजत नाही.

"कोणी मारलं?"

"मी."

"मागे काय होतं?"

"माती."

"शाब्बास. कोणी शिकवलं तुला?"

बायको हातात चमचा घेऊन माझ्याकडे बघत होती. "तुम्ही," मी म्हणालो.

"मग नीट शिकवलं असेल," ते म्हणाले, आणि कुकर म्हणजे काय ते विचारायला त्यांनी फोन काकूंकडे दिला.